दारं हजर करणारी अक्का

"पयले बस, मंग रड."

आमच्या ऑफिसच्या व्हरांड्यातल्या बाकावर रोज सकाळी हे वाक्य दोन-तीनदा तरी ऐकू यायचं. कुणी बाई पदर तोंडाला लावून आलेली असायची, कुणी म्हातारा हातातली नोटीस उलटी धरून उभा असायचा. बाकावर बसलेली अक्का आधी सरकून जागा करायची, मग पिशवीतून मूठभर उकडलेल्या शेंगा काढून त्याच्या हातावर ठेवायची. शेंगा सोलता सोलता माणसाचं रडं निम्मं ओसरतं, असा तिचा अनुभव होता. "उपाशी माणसाला कायदा ऐकू येत नाही, भाऊ," ती मला म्हणायची.

जळगाव आणि धुळे यांच्या मधलं आमचं गाव. नाव लिहीत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यातले बरेच जण अजून तिथेच नांदताहेत. मी नगरपालिकेत अतिक्रमण विभागात कारकून होतो. स्पष्ट सांगायचं तर लोकांची घरं हटवायच्या नोटिसा माझ्या टेबलावरून जायच्या. आणि त्या नोटिसा घेऊन लोक माझ्याकडे यायच्या आधी अक्काकडे जायचे. माझं टेबल खिडकीजवळ होतं आणि खिडकीबाहेरच तिचा बाक. तिने लोकांना काय शिकवलं ते मला पाच मिनिटं आधीच कळायचं, पण त्याचा उपयोग काही नव्हता.

ती कुणी अधिकारी नव्हती, वकील तर नव्हतीच. पालिकेच्याच दवाखान्यात आया म्हणून तिची सगळी नोकरी झाली होती. लस टोचणाऱ्या नर्सबाईंच्या मागे बर्फाचा डबा घेऊन ती गावातल्या एकूण एक वस्तीत फिरलेली. निवृत्त झाल्यावर लोक घरी बसतात. ही आमच्या व्हरांड्यात येऊन बसली. चौथीपर्यंत शिकलेली, पण नोटीस वाचताना बोट अक्षराखालून असं सरकवायची की त्या बोटाखालून एक काना निसटायचा नाही.

तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं, जी सल्ला देताना स्वतःच मोठी होतात. अक्काचं तसं नव्हतं. तिला ठाऊक होतं की घाबरलेला माणूस प्रत्येक वाक्याला मान हलवतो आणि फाटकाबाहेर पडेपर्यंत सगळं विसरतो. म्हणून सगळं सांगून झालं की ती विचारायची, "आते तू सांग, मी काय सांगं?" समोरचा चाचरायचा. मग ती त्याची बोटं धरायची. अंगठा म्हणजे रेशन ऑफिस, पहिलं बोट म्हणजे शाळेचा दाखला, मधलं बोट म्हणजे अर्ज. माणूस बोटं मोजत आत यायचा आणि माझ्यासमोर उभा राहून करंगळीपर्यंत आला की म्हणायचा, "साहेब, पोच द्या."

पोच म्हणजे अर्ज मिळाल्याचा सही-शिक्का. अक्का येण्याआधी आमच्याकडे पोच मागायची पद्धतच नव्हती. लोक अर्ज द्यायचे, आम्ही तो ठेवायचो, आणि तो कुठे ठेवला ते आम्हीही विसरायचो. अक्काने गावाला पोच शिकवली. माझं शाईचं पॅड महिन्यातून दोनदा कोरडं पडू लागलं. एकदा भाजीवालीला मी पिशवी परत द्यायला गेलो तर तीही म्हणाली, "पोच देऊ का, भाऊ?" सगळा बाजार हसला.

तिच्या बाकावर येणारा प्रत्येक जण खराच असायचा असं नाही. एक गृहस्थ चांगले इस्त्रीचे कपडे घालून आले आणि बेघर आहोत म्हणून डोळे पुसू लागले. अक्काने शेंगा दिल्या, पाच-सहा साधे प्रश्न विचारले, आणि मग शांतपणे म्हणाली, "तुनं घर धरणगावले शे ना? मंग आठे घर मांगाले काबर उना?" गृहस्थ उठले. शेंगा मात्र त्यांनी नेल्या.

लोकांना तिच्याकडून घर हवं असायचं आणि तिच्याकडे फक्त सल्ला होता. हे तिला रोज सांगावं लागे, आणि सांगताना दरवेळी तिला त्रास होई. "घर मी नही देसू. कोठे जावानं ते सांगसू," असं ती म्हणायची. काही जण चिडून निघून जायचे. एकाने तर विचारलं, "मग इथं बसते कशाला, बाई?" त्या दिवशी ती दुपारीच पिशवी उचलून घरी गेली.

पण तिला सगळ्यात जास्त लागलं ते एका बाईचं प्रकरण. दोन मुली घेऊन ती कापड बाजाराच्या मागे भाड्याच्या खोलीत राहायची. मालकाने "नुसती सही आहे" म्हणून एका कागदावर तिचा अंगठा घेतला, आणि आठवड्याने खोलीला कुलूप लावलं. बाई अक्काकडे आली ती त्यानंतर. अक्काने कागद वाचला. त्यात खोली राजीखुशीने सोडल्याचं लिहिलं होतं. तिने तो तीनदा वाचला. मी खिडकीतून पाहत होतो. अक्का वकिलाकडे गेली, पोलिसांत गेली, मालकाच्या पायरीवर जाऊन बसली. काही झालं नाही. त्या तिघींना तिने आपल्याच खोलीत महिनाभर ठेवलं आणि मग त्या बाईच्या भावाकडे पोचवून आली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय व्हनार? अंगठा दिला होता तिनं," अक्का म्हणाली. "माझ्याकडे आठ दिवस आधी आली असती तर."

त्यानंतर ती सकाळी बाकावर यायच्या आधी एकेका वस्तीत चक्कर मारू लागली. हातपंपावर पाणी भरणाऱ्या बायांना ती एकच गोष्ट सांगायची: कोणत्याही कागदावर अंगठा द्यायच्या आधी तो कागद माझ्याकडून वाचून घ्या.

आता माझी गोष्ट येते, आणि ती सांगायला मला फारसं आवडत नाही.

गावाबाहेर एक जिनिंग फॅक्टरी बंद पडली होती. तिच्या मागच्या नाल्याकाठी अडतीस झोपड्या होत्या. पूर्वी फॅक्टरीत हमाली करणारे, आता कापूस वेचायला, केळीच्या बागेत पाणी धरायला जाणारे लोक. दोन घरं वाजंत्र्यांची. तिथून रस्ता रुंद व्हायचा होता. सरकारने ठरवलेल्या एका तारखेच्या आधीपासून जे तिथे राहत असतील त्यांना बाजाराच्या मैदानापलीकडे जागा मिळणार होती. बाकीच्यांनी आपली वाट धरायची. कोण आधीपासून राहतं याची यादी करायचं काम माझ्याकडे आलं.

मी ती यादी एका दुपारी केली. शिपायाला घेऊन गेलो, दारं वाजवली. जिथे माणूस भेटला तिथे नाव लिहिलं, जिथे कुलूप होतं तिथे "बंद" असा शेरा मारला. ऊन होतं, मला परतायची घाई होती. अडतीसपैकी अकरा नावं लागली. यादी वर गेली, सहीही झाली, आणि सत्तावीस घरांना आठ दिवसांनी सुनावणीला हजर राहण्याची नोटीस निघाली. ती मीच टाइप केली.

दुसऱ्या दिवशी अक्का बाकावर बसली नाही. सरळ आत माझ्या टेबलासमोर आली. एरवी ऑफिसात ती मला अहो-जाहो करायची.

"भाऊ, कापूस वेचानी टायमाले यादी करी तू? बठ्ठा लोक वावरमा व्हतात. कुलूपले इचारं का, तू कवापासून राहास?"

मी म्हणालो, "मला वरून हुकूम होता, अक्का."

तिने पिशवीत हात घातला, मूठभर शेंगा माझ्या टेबलावर ठेवल्या आणि निघून गेली. ज्या बाईने गावातल्या सगळ्या रडणाऱ्यांना शेंगा दिल्या तिने त्या मला का दिल्या, हे मला तेव्हा नीट समजलं नाही. पण मला त्या खाता आल्या नाहीत.

नाल्याकाठी अडचण वेगळीच होती. दोन वर्षांपूर्वी नाल्याला पूर येऊन रेशनकार्डं, शाळेचे दाखले, सगळं वाहून गेलं होतं. दुसरी कार्डं मिळाली होती, पण त्यांच्यावरची तारीख नवी. अक्का घरोघर फिरत होती आणि प्रत्येक घरात तेच ऐकत होती. तिसऱ्या दिवशी कमलबाई नावाच्या एका बाईच्या झोपडीत ती बसली होती. हे सगळं नंतर कमलबाईनेच मला सांगितलं.

"कागद नही शे, अक्का. काहीच नही शे," कमलबाई म्हणत होती.

"कागद म्हंजे शिक्काच लागस असं कोनी सांगं तुले? पत्र? लग्नाची पत्रिका? दवाखान्याची चिठ्ठी?"

"पाण्यानं काही ठेवलं नाही."

अक्का उठली. बाहेर पडायला तिने दार ओढलं आणि तिचा हात तिथेच थांबला. दार जुन्या लाकडी फळ्यांचं होतं. आतल्या बाजूने, वरच्या कोपऱ्यात, गेरूने लिहिलेली फिकट अक्षरं होती. एक आकडा आणि त्याखाली एक तारीख.

"हाई काय शे?"

"ते फवारणीवाल्यांचं. मच्छरांचं औषध मारून जायचे ना, ते लिहून जायचे."

कमलबाई सांगते की अक्का मटकन उंबऱ्यावर बसली आणि हसू लागली. दवाखान्यातल्या नोकरीमुळे तिला ठाऊक होतं की हिवतापाची फवारणी करणारी पथकं प्रत्येक घराला नंबर द्यायची, फवारल्याची तारीख दारावर लिहायची, आणि तोच नंबर, तीच तारीख, घरमालकाच्या नावासकट वहीत उतरवायची. दारावरची तारीख सरकारने ठरवलेल्या तारखेच्या बरीच आधीची होती. अक्काने त्याच पावली वस्तीतली सगळी दारं उघडून पाहिली. सत्तावीसपैकी एकोणीस दारांवर अक्षरं सापडली. बाकीच्यांनी दारं बदलली होती किंवा रंगवली होती, पण त्यांची नावं वहीत असणारच होती.

वही मात्र दवाखान्याच्या कोठीत जुन्या गठ्ठ्यांत बांधलेली. ती बाहेर काढायला आमच्या ऑफिसचं पत्र लागणार होतं. आणि ते पत्र लिहायचं होतं मी.

अक्का पुन्हा टेबलासमोर आली. या वेळी रागावलेली नव्हती. "भाऊ, पत्र तुम्हीच लिहा," एवढंच म्हणाली.

त्या पत्राचा अर्थ सरळ होता. वही आली की माझी यादी खोटी ठरणार. माझी पदोन्नती जवळ आली होती. मी पत्र टाइप केलं आणि टेबलाच्या खणात ठेवलं. एक दिवस ते तिथेच पडून राहिलं. त्या दिवशी अक्का बाकावर होती, कुणा म्हाताऱ्याला बोटांवर काहीतरी मोजून देत होती. तिने एकदाही खिडकीकडे पाहिलं नाही, पत्राचं विचारलंही नाही. संध्याकाळी ऑफिस सुटताना मी खण उघडला आणि पत्र घेऊन वर मुख्य साहेबांच्या खोलीत गेलो.

साहेबांनी वाचलं. "यादी कोणी केली होती?"

"मी, साहेब."

"नीट नाही केली?"

"नाही, साहेब."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि सही केली. आयुष्यात इतका हलका होऊन मी जिना कधी उतरलो नव्हतो.

सुनावणीला जळगावहून एक अधिकारी आले. तरुण, कडक, कागदाला धरून बोलणारे. अक्काने वहीचं आणि दारांचं सांगितलं. ते म्हणाले, "आजी, वहीतले नंबर याच घरांचे कशावरून? दारावर काय लिहिलंय ते बघायला मी नाल्यात उतरणार नाही. पुरावा असेल तर इथे हजर करा. उद्या अकरा वाजता शेवटची सुनावणी."

त्यांना वाटलं, विषय संपला. अक्काने हात जोडले. "करू ना हजर, साहेब."

दुसऱ्या दिवशी साडेदहाला गावाने जे पाहिलं ते पुन्हा कधी पाहायला मिळालं नाही. बाजाराच्या रस्त्याने दारं चालत येत होती. बिजागऱ्यांतून काढलेली एकोणीस दारं. काही बैलगाडीवर रचलेली, काही दोघा-दोघांच्या डोक्यावर, एक तर सायकलला आडवं बांधलेलं. मागे वस्तीतली सगळी माणसं, घरांना गोणपाटाचे पडदे लावून आलेली. सगळ्यांच्या पुढे अक्का, पदर खोचून, वाटेतल्या टपऱ्या सरकवायला सांगत.

आमचा शिपाई फाटकात आडवा झाला. "दारं आत न्यायची नाहीत! ऑफिस आहे हे!"

"साहेबांनी बोलावली आहेत," अक्का म्हणाली. "पोच देतोस का?"

व्हरांड्यात भिंतीला टेकवून दारं ओळीने उभी केली. जळगावचे साहेब बाहेर आले.  मग त्यांनी चष्मा पुसला, दवाखान्यातून आलेली वही मागवली आणि पहिल्या दारासमोर जाऊन वाकले. नंबर वाचला. मी वहीत शोधला.  "आहे, साहेब. नाव जुळतं. तारीखही."

दुसरं दार. "आहे, साहेब."

तिसरं. "आहे."

चौथ्या दाराला लोकांमधून कुणीतरी टाळी वाजवली. साहेबांनी वर पाहिलं, पण रागावले नाहीत. सहाव्या दारावरची अक्षरं दिसतच नव्हती. कमलबाईचंच दार ते; आधीच फिकट अक्षरं वाटेत गाडीवर घासून आणखी पुसली होती.  अक्काने दोघांना दार उचलायला सांगितलं आणि ते उन्हात नेऊन तिरपं धरलं. तिरप्या उजेडात गेरूचा उंचवटा उठून दिसला. साहेब अंगणात उतरले, गुडघ्यावर बसले आणि एक एक आकडा मोठ्याने वाचत गेले. शेवटचा आकडा जुळला तेव्हा मीच ओरडलो. सरकारी कारकुनाने असं ओरडू नये, पण ओरडलो.

दारांनंतर दारं नसलेल्यांची नावं निघाली. आठांपैकी सात वहीत सापडली. आठवं नाव सापडेना. साहेबांनी पान उलटलं, पुन्हा पाहिलं. मग अक्काकडे वळले. "हे कधीपासून राहतात?"

सगळी वस्ती तिच्याकडे पाहत होती. एवढ्या विजयात एक घर सहज खपून गेलं असतं. त्या माणसाची बायको अक्काकडे हात जोडून बघत होती.

अक्का हळू आवाजात म्हणाली, "हाऊ मांगतून उना, साहेब. तारखेनंतर."

त्या माणसाने तिथेच तिला शिव्या दिल्या. तिने ऐकून घेतल्या. साहेबांनी वही मिटली आणि सव्वीस घरांच्या नावापुढे सही केली. मला वाटतं, त्या एका उत्तरामुळेच बाकीच्या सव्वीसांबद्दल त्यांच्या मनात शंका उरली नाही. शिव्या देणाऱ्या त्या माणसाला अक्काने पंधरा दिवसांत स्टेशन रस्त्याला एक खोली भाड्याने शोधून दिली, आणि मालकाकडून पावती लिहून घेतल्याशिवाय त्याचं सामान आत जाऊ दिलं नाही. तो माणूस पुढे कित्येक वर्षं तिला दिवाळीला फराळ नेऊन द्यायचा.

परतताना वाजंत्र्यांच्या दोन्ही घरांनी वाद्यं काढली. सनई, ढोल, मागे दारं. बाजारातल्या लोकांना वाटलं लग्नाची वरात आहे. एकाने नवरदेव कुठे म्हणून विचारलं.

नव्या जागेवर सर्वांत आधी दारंच गेली. भिंती उठायच्या होत्या, आखलेल्या चुन्याच्या फक्कीच्या रेघा होत्या, आणि प्रत्येक चौकोनात चौकट रोवून लोकांनी आपापलं दार लावून टाकलं. मोकळ्या माळावर नुसती दारं उभी. एक म्हातारी आपल्या दाराची कडी काढून आत गेली, कडी लावून घेतली आणि वर मोकळं आभाळ असताना आतून हाक मारून म्हणाली, "कोण शे?"

जागेचे कागद तयार होत होते तेव्हा अक्का माझ्याकडे आली. "नुसतं नवऱ्याचं नाव नको, भाऊ. बायकोचंही घाला. दोघांचं."

मी म्हणालो, तसा फॉर्म नाही. ती टेबलाजवळची खुर्ची ओढून बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बसली ती आत. म्हणाली, "मी शिंदखेड्याची सून. नवरा गेला त्याला बारा दिवसही झाले नव्हते. दिराने माझी पेटी रस्त्यावर ठेवली. मी पेटीवर बसून राहिली सकाळपासून. येणारे-जाणारे बघायचे, पण आता कुठं जायचं, ते कुणीच सांगितलं नाही." मग ती उठली. "लिहा, भाऊ. फॉर्मवर जागा आहे खाली."

जागा होती. मी आधीची अकरा घरं धरून सदतीस फॉर्मांवर खाली दुसरं नाव लिहिलं. मुख्य साहेबांनी एकही परत पाठवला नाही. माझी पदोन्नती पुढे दोन वर्षं लांबली. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

काही वर्षांनी अक्काचे गुडघे गेले आणि ती बहिणीकडे पहूरला राहायला गेली. बाक रिकामा झाला. पालिकेने तिथे सूचना फलक लावला. त्याच्याखाली कुणी बसत नसे. पुढे एका उन्हाळ्यात तिच्या भाचीचं पोस्टकार्ड आलं, अक्का गेली म्हणून. पण मला ती आठवते ती त्या कार्डाच्या आदल्या वर्षीची.

मी तिला भेटायला पहूरला गेलो होतो. ओट्यावर चार माणसं बसलेली, माझी ओळख नसलेली. भाची म्हणाली, "अक्का सकाळच्या गाडीने जामनेरला गेली. एका बाईला सासरच्यांनी काढून दिलंय, तिच्याबरोबर." गुडघ्यांचं काय, म्हणून मी विचारलं. भाची हसली. मी त्या चौघांच्या शेजारी बसलो. त्यातल्या एकाने सरकून जागा दिली आणि आपुलकीने विचारलं, "तुमचंबी घराचंच काय, दादा?" मी सांगितलं, मी पूर्वी घरं पाडायच्या नोटिसा काढायचो. त्यांना ती गंमत वाटली.

चारच्या गाडीपर्यंत ती आली नाही. मला निघणं भाग होतं. फाट्याजवळ आमची एस.टी. थांबली आणि समोरून जामनेरची गाडी येऊन शेजारी उभी राहिली. खिडकीशी अक्का होती. बाजूला एक तरुण बाई, मांडीवर नवा कोरा कागद दोन्ही हातांनी दाबून धरलेली, आणि अक्का तिच्या बोटांवर काहीतरी मोजून देत होती. मी हाक मारली. इंजिनाच्या आवाजात ती पोचली नाही. अक्काने पहिलं बोट धरलं, दुसरं धरलं, ती बाई मान हलवत हसली, आणि त्यांची गाडी पहूरकडे वळली.